दवण्याचा थोरला भाऊ

पोत्याची शिवण उसवली आणि दवण्याचा वास आला.

मी नाक मागं घेतलं, पुन्हा पुढं नेलं. दवणाच होता. लहानपणी चैत्रात आजोळी गेलं की अंथरुणापासून भाकरीपर्यंत सगळ्याला लागायचा तो वास, झोपेतही ओळखला असता. पण त्या पोत्यात दवण्याचं काही काम नव्हतं. त्यात असायला हवा होता वेगळाच पाला, कापरासारख्या उग्र वासाचा. त्या पाल्यातून आमचा कारखाना हिवतापाच्या औषधाचा अर्क काढायचा आणि मी तिथं प्रयोगशाळेत नोकरीला होते.

"काय मॅडम, कसला वास येतोय?"

विचारणारे साळोखे साहेब होते. ते कारखान्याचे शेती अधिकारी. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून हे पीक लावून घ्यायचं आणि समोर उभं राहून वेळेवर कापून घ्यायचं, हे त्यांचं काम.

"पाल्याचा," मी म्हणाले.

"मला दवण्याचा येतोय." त्यांनी मूठभर पाला तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरला. त्यात मोहरीएवढी पिवळी बोंडं होती. "ही बघा दवण्याची फुलं. तुमच्या चाचणीत औषध निम्म्यावर आलंय ते उगाच नाही. सरळ सरळ भेसळ आहे ही."

"जत्रेच्या तोंडावर दवण्याला एवढी मागणी असते साहेब, तो कोण पोत्यात कोंबेल?"

"फेकायचा माल कोंबत असतील. निवळेवाडी तुमचं आजोळ आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच विचारलं, वास कसला येतोय."

पोती निवळेवाडीची होती. भेसळ ठरली असती तर अख्ख्या गावाचा करार मोडणार होता आणि पोती भरून शिवणाऱ्या माणसावर पोलिसात तक्रार जाणार होती. पोती भरून शिवणारा माणूस होता केरबा चौगले, माझ्या आईचा पाठचा भाऊ.

"परवा मी पोती घेऊन वर जाणार आहे," साळोखे म्हणाले. "सगळ्यांच्या देखत परत टाकणार. तुम्हाला काही विचारायचं असेल तर आधी विचारून घ्या."

मी मुळातच संशयी स्वभावाची. आई म्हणायची, हिच्या हातावर देवानं स्वतः प्रसाद ठेवला तरी ही आधी हुंगून बघेल. तरी मामावर संशय घ्यायचा म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

निवळेवाडी डोंगराच्या सोंडेवर आहे. गाव पिढ्यान् पिढ्या दवणा पिकवतं, जोतिबासाठी. गावात देवाचं लहानसं ठाणं आहे आणि तिथला नेम कडक. पाडव्याला पहिला दवणा देवाला वाहायचा, त्याआधी कुणी एक काडीसुद्धा कापायची नाही. ती पहिली जुडी तबकात घालून देवापुढं न्यायचा मान चौगल्यांचा, म्हणजे मामाचा. पाडव्याच्या दिवशी पांढरा पटका बांधून, तबक डोक्याच्या वर धरून चालणारा मामा मला अजून दिसतो. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस त्या दिवशी उंच व्हायचा.

आमचं पीक या गावाच्या गळी उतरवलं ते साळोख्यांनीच. आदल्या दसऱ्यानंतर देवळात बैठक झाली तेव्हा मीही होते. लोक कुरकुरत होते. चीनकडचं झाड, त्यात औषधाचं, कुणाला भरवसा वाटेना. साळोखे बोलायला मोठे गोड. ते म्हणाले, "अहो, हे परकं नव्हे. दवण्याचा थोरला भाऊ आहे हा. एकाच आईची लेकरं."

शास्त्राला धरून बघितलं तर त्यात खोटं काही नव्हतं. झाडांच्या पोटात टर्पिनॉइड नावाचं एक मोठं खानदान नांदतं. कापराचा वास, निलगिरीचा वास, दवण्याचा वास, ही सगळी त्यातलीच भावंडं. त्याच घरातलं आर्टेमिसिनिन वासाला काही खास नाही, पण हिवतापाच्या जंतूचा कर्दनकाळ आहे. फक्त त्याचा एक हट्ट असतो. झाडानं कळी धरली की त्याला लगेच कापायचं. फुलू दिलं की पानातलं औषध ओसरत जातं. दवण्याचं उलटं, तो फुलावर आला की खरा घमघमतो.

बैठकीत गुरवतात्यांनी, देवळाच्या पुजाऱ्यांनी, एवढंच विचारलं होतं, "दवण्याचा भाऊ म्हनता, तर देवाला चालंल न्हवं?"

"न चालायला काय झालं?" साळोखे म्हणाले होते. सगळे हसले आणि अंगठे उठले.

त्या बैठकीत सगळ्यात आधी हो म्हणाला तो मामा. का, ते गावाला ठाऊक होतं. त्याचा एकुलता मुलगा बळवंत गोव्यात बांधकामावर गवंडी होता. हिवतापानं तिथंच गेला. लग्न ठरलं होतं त्याचं.

मी अंगणात शिरले तेव्हा मामा दोरी वळत बसला होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"वैजू? अशी मदीच?"

"सहज आले. सुट्टी होती."

"सुट्टी," मामा म्हणाला, आणि पुन्हा दोरी वळायला लागला. सुट्टीवर त्याचा विश्वास बसला नाही आणि त्याच्या निवांतपणावर माझा.

हौसामामी बाहेर आली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस गं. बस, चा ठेवतो."

चहा घेताना मी इकडचं तिकडचं बोलले, पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? "मामी, पाला छान झाला का यंदा?"

"गावाचा झाला बाई. आमचा गेला."

"गेला म्हणजे?"

"गव्यांनी तुडवला. ओढ्यापलीकडच्या रानात लावलेला. एक काडी हाताला लागली न्हाई." हे सांगताना मामी माझ्याकडं बघत नव्हती, चुलीकडं बघत होती, आणि चूल तर विझलेली होती.

"मग गावाची पोती कुणी भरली?"

"भरली हितंच. अंगनात. तुज्या मामानंच शिवली समदी."

"साळोखे साहेब होते ना कापणीला?"

"त्ये?" मामी पहिल्यांदा हसली. "शिमग्याआदी येऊन गेल्याले, कापा म्हनून सांगाया. मागनं त्येंचं त्वांड कुनी बघितलं?"

कारखान्यात मात्र साळोखे छातीठोक सांगत होते की कापणी त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. म्हणजे तिकडंही पाणी मुरत होतं. पण साहेब खोटा म्हणून मामा खरा, असं काही होत नाही.

मामा उठून म्हशीला पाणी दाखवायला गेला तशी मी परड्यात फिरायला निघाले. परड्याच्या कडेला वैरणीची खोली होती. तिला कधी दार ओढून घेतलेलंही मी पाहिलं नव्हतं, मांजरं आत व्यायची. आता तिला कुलूप होतं. नवं, पितळी. वैरणीला कुलूप लावणारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मी फटीला नाक लावलं. कापरासारखा उग्र वास आला.

"काय हुडकालीस?"

मामा मागं उभा होता. हातात रिकामी बादली.

"मांजराची पिल्लं."

"यंदा न्हाईत," तो म्हणाला आणि मी हलेपर्यंत तिथून हलला नाही.

दुपारी जेवण झालं. मामाचा डोळा लागला तशी मी ओढ्याकडं निघाले. पलीकडचं रान उतारावर, गावातून दिसत नाही असं. मनात एकेक गोष्ट जुळत चालली होती आणि जुळायला नको होती. मामाकडं उग्र वासाचा चांगला पाला कुलपात आहे. गावाची पोती त्याच्याच अंगणात भरली. त्या पोत्यांतला पाला निकस आणि त्याला दवण्याचा वास. म्हणजे चांगला पाला काढून घ्यायचा, त्याजागी फुललेला दवणा भरायचा, आणि काढलेला दुसऱ्या कुणाला विकायचा. मला माझाच राग येत होता, पण हिशेब जुळत होता.

रानात पोचले. सगळीकडं नुसती खुंटं उभी होती. मी खाली बसून बघितलं. प्रत्येक खुंट एकाच उंचीवर, एकाच बाजूनं तिरकं, स्वच्छ छाटलेलं. जमिनीवर एका खुराचा ठसा नव्हता. गव्यानं तुडवायला हरकत नाही, पण गवा विळा वापरत नाही.

परत आले तेव्हा मामा जागा होता. अंगणात मी त्याच्यासमोर बसले. पुढं काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"मामा, तुमच्या रानातले गवे फार शहाणे दिसतात. एका ओळीत कापतात."

मामानं मान वर केली नाही. आत मामीच्या हातातलं भांडं वाजलं.

"उद्या साळोखे येणार आहेत," मी म्हणाले. "गावाची पोती परत टाकायला. औषध निम्मं आहे आणि पोत्यांना दवण्याचा वास येतोय. भेसळ म्हणतात. तुमचं नाव घेतात. पोलिसात जाणार आहेत. मला खरं सांगा, पोत्यांत दवणा गेला का?"

"गेला," मामा म्हणाला.

मामी दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "अवो, नीट सांगा की पोरीला. गेला म्हंजी एक एक काडी. देवाला व्हायलेल्या जुडीतली काडी हरेक पोत्यात घालतो आमी. दवण्याच्या पोत्यात घालतो, तशी ह्या पोत्यात बी घातली. मानसं बरी व्हायाची औशदं ती. देवाची काडी नगं?"

मी मामाकडं बघितलं. वाळलेली एक काडी अख्ख्या पोत्याला वास लावते, हे मला तरी कळायला हवं होतं. पण एका काडीनं औषध निम्म्यावर येत नाही.

"आणि पिवळी फुलं?"

"ती त्याचीच," मामा म्हणाला. "फुलला न्हवं त्यो सगळा."

"फुलला? साळोख्यांनी शिमग्याला कापायला सांगितलं होतं."

"शिमग्याला कोन कापतंय हितं?" मामा कडवट हसला. "दवण्याचा थोरला भाऊ म्हनला त्यो साहेब, देवळात बसून. मग थोरल्याला येगळा नेम कसा? धाकट्याचा मान पाडव्याला, तर थोरल्याचा बी पाडव्याला. पाडव्याआदी इळा लावायचा न्हाई, असं गावानं ठरवलं. साहेबाला सांगितलं, व्हय, शिमग्याला कापतो. त्यो बघाया थोडाच येनार हुता."

मग मला सगळं लख्ख दिसलं. शिमग्यापासून पाडव्यापर्यंतच्या उन्हात अख्ख्या गावाचं पीक उभ्या उभ्या फुललं होतं आणि पानातलं औषध ओसरलं होतं. भेसळ कुणी केली नव्हती. गावानं देवाचा मान राखला होता, इतकंच.

"आणि तुमचं?" मी विचारलं. "कुलपातलं?"

मामा उठला. कनवटीची किल्ली काढली आणि परड्याकडं चालायला लागला. मी मागून गेले. दार उघडलं तसा वास अंगावर आला. आत भिंतीशी पोती रचली होती, नीट, पोत्यांवर जुनं धोतर पांघरून. मी एकात हात घातला. पाला हिरवट, एकही बोंड नाही.

"शिमग्याच्या दुसऱ्या दिशी कापला," मामा म्हणाला. "साहेबानं सांगितल्या येळंला. मी आनि हौसानं, झुंजुमुंजू व्हायच्या आत. गावाला सांगितलं, गवं आलं."

"पाडव्याआधी?"

"व्हय."

"मानकरी असून?"

तो पोत्यावर बसला.

"बळवंताला ताप आला तवा त्येनं गोळ्या घेतल्या," मग तो म्हणाला. "दुकानातनं. पुऱ्या घेतल्या, एक चुकवली न्हाई. त्येच्या संगतीचा गवंडी सांगत हुता. गोळ्या खाऊन बी ताप उतरना. शेवटाला मोठ्या दवाखान्यात नेला, तितला डाक्टर गोळ्यांचं पाकीट बघून म्हनला, ह्यात औशदच न्हाई, नुस्ता खडू हाय." त्यानं हातातली किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "साहेब म्हनला, फुलल्यावर पानात औशद ऱ्हात न्हाई. सगळ्यांनी ऐकलं. माज्या एकट्याच्या काळजात बसलं. आता सांग, माज्या रानातनं अर्ध्या औशदाचा पाला जाऊ दिऊ मी? कुनाच्या तरी बळवंताला?"

मी नुसती त्याच्या शेजारी पोत्यावर टेकले.

"आनि त्याच हातानं पाडव्याला तबक धरलं," मामा म्हणाला. "देवापुढं गेलो. पहिला दवणा म्हनून ठेवला. त्याला काय ठावं न्हाई व्हय? तवापास्नं भाकरी ग्वाड लागत न्हाई. पोती कारखान्याला न्यावीत तर गावासमोरनं न्यायाची. न न्यावीत तर कापली कशाला?"

"तुम्ही गावाला सांगितलं का नाही, की फुलायच्या आत कापू या?"

"सांगितलं. गुरवतात्या म्हनला, केरबा, तू मानकरी, तूच असं म्हनाया लागलास तर संपलंच. मग बोललो न्हाई." तो माझ्याकडं वळला. "वैजू, तपासायला ने मूठभर. पन माजं नाव काढू नगंस."

नाव काढणार नाही असा शब्द देऊन मी पाला पिशवीत घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. सकाळी प्रयोगशाळा उघडताच चाचणी लावली. निकाल बघून मी पुन्हा लावली, स्वभावाला औषध नाही. मामाच्या पाल्यात औषध पुरेपूर होतं, आमच्या कुठल्याही गावच्या पाल्यापेक्षा जास्त.

साळोख्यांच्याच गाडीतून वर गेले. मागं टेंपोत गावाची पोती. मी त्यांना एवढंच म्हणाले की गावानं उशिरा कापलं असावं. ते म्हणाले, "मी स्वतः उभा होतो कापणीला. उशीर कसा होईल?" आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. पोती उतरवायला लागली तसा गलका झाला.

"तुमची तपासणीच खोटी," एकजण म्हणाला. "पाला घ्यायाचा न्हाई म्हनून निम्मा दाखवताय. दवण्याची तर देवाची एकेक काडीच घातलीया."

"खोटी?" साळोखे म्हणाले. "हुंगून बघा की. दवणा भरलाय पोत्यात. पोती शिवली कुणी? केरबा चौगले कुठं आहे? त्याच्याच अंगणात झालं हे. उद्या पोलीस आले म्हणजे त्यांना सांगा काडीबिडी काय ते."

गाव मामाकडं बघायला लागलं. ज्यांनी आपल्या हातांनी काड्या घातल्या होत्या तीही माणसं बघायला लागली. तिथंच मला गावाचा संताप आला. काडीनं औषध कमी होत नाही हे त्यांना कोण सांगणार, आणि मामाच्या अंगणात पोती एक रात्र होतीच की. संशय एकदा उंबरा ओलांडून आला की घरचाच होऊन बसतो, हे मला माझ्यावरून माहीत होतं.

माझ्या पिशवीत निकालाचा कागद होता. तो काढला तर मामा भेसळीतून सुटला असता. पण हा पाला कुठला, हा पहिला प्रश्न आला असता, आणि मी शब्द दिला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मामाकडं बघितलं. तो तिथं नव्हता.

"पळाला बघा," साळोखे म्हणाले.

तो घराच्या बाजूनं येताना दिसला. पाठीवर पोतं, मागून मामी. मामीच्या डोक्यावर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मामानं पोतं देवळाच्या पायरीशी टाकलं आणि विळ्यानं शिवण कापली. वाऱ्यावर उग्र वास सुटला. पुढची माणसं चार पावलं मागं सरली.

"हे माजं," मामा म्हणाला. "वैजू, कागद वाच."

मी वाचला. गावाच्या पोत्यांत औषध किती आणि या पोत्यात किती, दोन्ही वाचलं. मग सांगितलं की फुलल्यावर औषध ओसरतं, गावाच्या पाल्यात ती पिवळी बोंडं दिसतात ती त्याचीच, दवण्याची नव्हेत. भेसळ नाही, फक्त उशीर झाला आहे.

कुणीतरी म्हणालं, "केरबाचं तर गव्यांनी तुडवलं हुतं."

गुरवतात्या पायरीवरून खाली आले. त्यांनी मूठभर पाला घेतला, बोटांत चुरला. "केरबा, हे कवा कापलंस?"

"शिमग्याच्या दुसऱ्या दिशी."

"देवाआदी?"

"देवाआदी."

"आनि मग पाडव्याला तबक घेऊन आलास?"

"आलो."

मामानं मामीच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, फडकं सोडलं. आत पितळी तबक होतं, नुकतंच चिंचेनं घासलेलं. त्यानं ते तात्यांच्या हातात दिलं.

"तुमी मागायच्या आत देतो," तो म्हणाला. "माज्या आज्ज्यानं धरल्यालं. माज्या बापानं धरल्यालं. बळवंतानं धरायाचं हुतं. पर गाव चोर न्हाई, येवढं साहेबाला कळू दे."

तात्यांनी तबक घेतलं. थोड्या वेळानं ते साळोख्यांकडं वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी कापनीला उभं हुता म्हनताय. कुठल्या रानात हुता जरा दावा. म्हंजी पोलिसास्नी बी दाखवू."

साळोखे घड्याळ बघायला लागले. त्या दिवशी पोलिसांचं नाव पुन्हा निघालं नाही. गावाचा पाला कारखान्यानं कमी दरानं का होईना घेतला, करार टिकला, आणि साळोख्यांची पुढं बदली झाली.

मान मात्र गेला. तात्यांचाही इलाज नव्हता. पुढच्या वर्षापासून तबक दुसऱ्या घराकडं गेलं. देवळात बसून गावानं आणखी एक गोष्ट ठरवली. दवण्याचा नेम पाडव्याला आणि थोरल्या भावाचा शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पहिली फांदी देवाला ठेवायची आणि मग सगळ्यांनी विळे लावायचे. हा नवा नेम कुणाच्या कापण्यावरून पडला, ते त्या ठरावात कुणी उच्चारलं नाही. मी दोन्ही दिवस बघायला गेले होते. मामा गर्दीत मागं उभा होता, पटका न बांधता, बाकीच्यांसारखाच. तबक पुढून गेलं तेव्हा त्यानं हात जोडले. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

आमचा अर्क दूरवर जायचा आणि तिकडं त्याच्या गोळ्या व्हायच्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी त्या गोळ्यांची एक पट्टी मिळवली आणि मामाला द्यायला गेले. त्यानं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग नाकाला लावली.

"वास न्हाई हिला."

"वास अर्कात राहत नाही, मामा. औषध राहतं."

त्यानं एका गोळीवर नख दाबून बघितलं. पांढरी होती. खडूसारखी पांढरी. तो माझ्याकडं बघायला लागला. ओढ्यापलीकडच्या रानात मी ती खुंटं जशी बघितली होती तसाच बघत होता, आणि मला त्याचा जरासुद्धा राग आला नाही.

"भेसळ न्हाई न्हवं?"

"नाही."

"तू तपासलीस?"

"तपासली."

"सोताच्या हातानं?"

"हो." आणि मी खरंच तपासली होती, त्याच पट्टीतली एक गोळी कमी होती.

मामानं रिकाम्या खाचेवर बोट ठेवून खात्री करून घेतली. मग पट्टी सदऱ्याच्या खिशात घातली.

"मग बास," तो म्हणाला. "देवाचं काय ते मी बघतो."